मुलाचा पहिला जबाब कोणी घ्यावा?

तापीकाठ (धागाकर्ती)
धुळे जिल्ह्यात अकरा वर्षे बालसंरक्षणाचे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, अत्याचाराची शंका असलेल्या मुलाची पहिली सविस्तर मुलाखत प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यानेच घ्यावी, तिचे चित्रीकरण व्हावे आणि पोलिसांनी ती शेजारच्या खोलीतून पाहावी. पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ सालचा. त्याच्या कलम २४ प्रमाणे जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवायचा असतो. एवढे बहुधा पाळले जाते. प्रश्न कसा विचारावा, हे मात्र ते कलम सांगत नाही.

एका प्रकरणाची आठवण जात नाही (वय आणि गाव मुद्दाम सांगत नाही). मुलगी मला अहिराणीत एवढेच म्हणाली होती, ‘तो माले दुकानमा लई ग्या, मंग माले रडू उनं.’ कागदावर त्याचे ‘सदर इसमाने माझ्याशी लज्जास्पद वर्तन केले’ झाले. पुढे न्यायालयात ‘सदर इसम’ म्हणजे कोण, असे तिला विचारले गेले, तेव्हा ती आईकडे पाहू लागली. साक्ष पढवलेली आहे, असे म्हणायला बचाव पक्षाला आणखी काय हवे?

गिरणातीर
मी जळगावला वकिली करतो आणि अशा खटल्यांत दोन्ही बाजूंनी उभा राहिलो आहे. आपली तक्रार जबाब लिहिण्याच्या भाषेबद्दल आहे. त्यावर उपाय म्हणून तपासच दुसऱ्याच्या हाती देणे मला पटत नाही. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीचे प्रकरण आठवा. १९८० च्या दशकात तिथल्या मुलांच्या मुलाखती घेणारी मंडळी पोलीस नव्हती, समाजकार्याच्या क्षेत्रातलीच होती. त्यांनी सुचवून सुचवून प्रश्न विचारले, आणि १९९० मध्ये खटला संपला तेव्हा एकावरही दोष सिद्ध झालेला नव्हता. शिवाय जी व्यक्ती बाल कल्याण समितीच्या आदेशाने सपोर्ट पर्सन म्हणून मुलाचा हात धरून उभी राहते, तिनेच पुराव्यासाठी प्रश्न विचारले, तर तिच्या तटस्थपणावर मी पहिल्याच दिवशी बोट ठेवीन.

सातपुड्याची बाई
धडगावकडे शिकवते. तुम्हा दोघांच्याही आधी मुलाला आई विचारते, काका विचारतो, पोलीस पाटील विचारतो, आणि खरे सांगायचे तर आम्ही शिक्षकही विचारतो. कलम १९ आपल्याला कळवायला सांगते, चौकशी करायला नाही, हे शाळेत कोणी समजावून दिलेले नाही. त्यात मूल पावरी ही इकडची आदिवासी बोली बोलणारे असेल तर कलम २६ प्रमाणे दुभाषी घेता येतो. पण तो बऱ्याचदा त्याच पाड्यावरचा, आणि कधीकधी आरोपीच्याच भावकीतला निघतो. मग खोलीत समाजकार्यकर्ता बसला काय किंवा पोलीस बसले काय, मूल बोलणार कुणाच्या तोंडून?

तापीकाठ
सपोर्ट पर्सन आणि मुलाखत घेणारी व्यक्ती वेगळीच असली पाहिजे, हे वकीलसाहेबांचे म्हणणे मला मान्य आहे. मूळ लेखात मी ते स्पष्ट लिहायला हवे होते. मॅकमार्टिनबद्दल मात्र एवढेच म्हणेन की, तशा चुकांमधूनच १९९० च्या दशकात एनआयसीएचडी ही मुलांची मुलाखत घेण्याची पद्धत (नाव अमेरिकेतल्या एका संस्थेवरून) आकाराला आली. त्यात आधी साध्या विषयावर बोलायला लावतात. आपल्याकडे खानदेशात कानबाईच्या सणातल्या रोटांबद्दल विचारता येईल: सकाळी उठल्यापासून काय काय झाले, सगळे सांग. मुलाला क्रमाने सांगायची सवय लागली की मगच मूळ विषय येतो, आणि तिथेही ‘त्याने हात लावला ना?’ असे न विचारता ‘मंग काय व्हयनं?’ एवढेच विचारायचे. प्रशिक्षण घेतलेले लोकही देखरेख सुटली की जुन्या सवयीकडे वळतात, म्हणून चित्रीकरणाचा आग्रह.

गिरणातीर
चित्रीकरणाबाबत कलम २६ मध्ये ‘शक्य असेल तिथे’ असे शब्द आहेत. ते काढून टाकावेत, या मागणीवर मी तुमच्यासोबत सही करीन. प्रश्न कोणी विचारायचे, यावर नाही. आणि बाईंच्या दुभाषाला आपल्या दोघांकडेही उत्तर नाही.

सातपुड्याची बाई
शेजारच्या तालुक्यातला दुभाषी बोलवा. गाडीभाडे कोण देणार, तेवढे ठरवा.