१२ एच७ चं होल तोंडाशीच मोठं होतंय, मदत हवी आहे

मंडळी, लेथवर ईएन८ (मध्यम कार्बन स्टील) च्या बुशमध्ये १२ एच७ चं होल करतोय, म्हणजे १२ मिमीच्या वर फक्त १८ मायक्रॉनची सूट. ११.७५ चं ड्रिल मारतो, मग एचएसएस (हाय स्पीड स्टील) मशीन रीमर, म्हणजे होल नेमक्या मापाला आणणारं टूल, टेलस्टॉकला (लेथच्या मागच्या टोकाचा आधार) लावून २५० आरपीएमला, कटिंग ऑइल भरपूर. तरी प्लग गेजची नो-गो बाजू (जी होलमध्ये जायलाच नको) तोंडाशी ४-५ मिमी आत जाते आणि पुढे अडकते, म्हणजे होल तोंडाशी घंटेसारखं पसरतंय. फिनिश मात्र मस्त येतंय, तेच कळत नाही!

रीमर नवा आहे, मायक्रोमीटरने मोजला, साइझ बरोबर. बाहेर काढताना उलटा फिरवत नाही, ती चूक आधी एकदा करून धार घालवून बसलोय 😅

मला टेलस्टॉकचं सेंटर हललंय असं वाटतं पण डायल लावून बघायचं राहिलंय. फ्लोटिंग होल्डर (रीमरला थोडं हलू देणारा) घेतला तर हे सुटेल का, की आधी अलाइनमेंटच करावी? आणि रीमर तर ड्रिलच्याच मागे जाणार, मग ११.५ ड्रिल करून छोट्या बोरिंग बारने ११.८ पर्यंत सरळ करून घेऊ का? कोणी केलं असेल तर सांगा प्लीज, ४० बुश अजून बाकी आहेत.