जनुकांच्या यादीत कोणती कार्ये प्रमाणाबाहेर आहेत, हे ठरवताना पार्श्वभूमी कोणती घ्यावी?

प्रश्न : मुळाकाठ

नमस्कार. मी पुण्यातील एका प्रयोगशाळेत हरभऱ्याच्या मर रोगावर संशोधन करते. या रोगाला प्रतिकारक असलेल्या 'विजय' वाणाच्या रोपांच्या मुळांना फ्युजॅरियम बुरशीचा संसर्ग दिला, शेजारच्या ट्रेमधील रोपांना नुसते पाणी दिले आणि दोन्हींचे प्रत्येकी तीन नमुने घेऊन आरएनए-सिक्वेन्सिंग, म्हणजे कोणते जनुक किती सक्रिय (व्यक्त) आहे याची मोजणी, करून घेतले. संसर्गानंतर ४१२ जनुकांची अभिव्यक्ती वाढलेली आणि २७५ जनुकांची घटलेली आढळली.

ही ६८७ जनुके नेमकी कोणती कामे करतात हे कळावे म्हणून मी त्यांची एकत्र यादी एन्रिचमेंट (एखाद्या कार्याची जनुके यादीत अपेक्षेपेक्षा जास्त आहेत का, हे) तपासणाऱ्या एका संकेतस्थळावर दिली. तेथील सजीवांच्या यादीत हरभरा नसल्यामुळे प्रत्येक जनुकाऐवजी ॲराबिडॉप्सिस या संशोधनात नेहमी वापरल्या जाणाऱ्या वनस्पतीतील सर्वांत जवळच्या जनुकाचा क्रमांक घातला आणि बाकीचे पर्याय होते तसेच ठेवले. उत्तरादाखल जीन ऑन्टॉलॉजी या जनुककार्यांच्या प्रमाणित वर्गीकरणातील १४३ कार्यवर्ग मिळाले. त्यांत 'उद्दीपनाला प्रतिसाद', 'रासायनिक पदार्थाला प्रतिसाद' असे अतिशय व्यापक वर्ग सर्वांत वर आहेत. केग या माहितीसंचातील जैवरासायनिक मार्गांसाठी दुसरे साधन वापरले, तर त्यात चक्क पार्किन्सन रोगाचा मार्ग आला. मार्गदर्शकांनी तक्ता पाहून एवढेच विचारले, "यातून रोपांच्या मुळांमध्ये काय घडले ते सांगता येईल का?" मला सांगता आले नाही. माझी चूक नेमकी कुठे झाली असावी?

उत्तर १ : संख्याशास्त्र शिकवणारा

तुम्ही 'बाकीचे पर्याय होते तसेच ठेवले' असे लिहिले आहे, आणि माझ्या मते खरी अडचण त्या वाक्यात आहे. पुण्यात विद्यापीठाचे जैवमाहितीशास्त्र केंद्र १९८७ पासून आहे, तरी या विषयावर मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मार्केट यार्डाच्या भुसार विभागात व्यापारी हरभऱ्याच्या पोत्यात हात घालून मूठभर दाणे तळहातावर पसरतो. त्या मुठीत काळे दाणे जास्त आहेत असे म्हणण्यासाठी, ज्या पोत्यातून मूठ भरली त्या पोत्यात काळे दाणे एकूण किती आहेत, हे माहीत असावे लागते. शेजारच्या गाळ्यातील पोत्याशी तुलना करून काही सिद्ध होत नाही. तुमची यादी ही मूठ आहे, एखाद्या कार्यवर्गातील जनुके हे काळे दाणे आहेत, आणि पोते म्हणजे पार्श्वभूमी संच, म्हणजेच तुमच्या प्रयोगात ज्यांना यादीत येण्याची संधी होती अशी सर्व जनुके. फिशरची अचूक कसोटी एकाच बाजूने वापरली की ती हायपरजॉमेट्रिक वितरणावरून एवढेच सांगते, की मूठ निव्वळ योगायोगाने भरली असती तर इतके किंवा याहून जास्त काळे दाणे येण्याची शक्यता, म्हणजेच पी-मूल्य, किती होती.

आता आकडे घेऊन पाहू. हरभऱ्याच्या जीनोमचा जो मसुदा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात २८,२६९ जनुके सांगितली आहेत. समजा, एका कार्यवर्गात ३०० जनुके आहेत आणि तुमच्या ४०० जनुकांच्या यादीत त्यांपैकी ९ आली. संपूर्ण जीनोम पार्श्वभूमीला धरला, तर योगायोगाने सव्वाचार जनुके अपेक्षित होती. ९ म्हणजे दुपटीहून जास्त, आणि पी-मूल्य ०.०३ च्या आसपास येते. परंतु मुळांमध्ये सगळी जनुके व्यक्त होत नाहीत. तुमच्या नमुन्यांत मोजता येण्याइतकी अभिव्यक्ती असलेली जनुके १६,५०० असतील आणि त्या ३०० पैकी २७० त्यांत असतील, तर अपेक्षित संख्या साडेसहा होते आणि पी-मूल्य ०.२ च्या वर जाते. यादी तीच आणि जनुकेही तीच, तरी पहिला निष्कर्ष 'वर्ग लक्षणीय आहे' असा निघतो आणि दुसऱ्यात काहीच उरत नाही. संपूर्ण जीनोम पार्श्वभूमीला घेतल्यावर पुष्कळदा आपल्याला एवढेच कळते, की मुळात मुळांचीच जनुके चालू असतात. संसर्गाविषयी त्यातून काही कळत नाही.

दुसरी गोष्ट एकाच वेळी असंख्य कसोट्या लावण्याची. पाच हजार वर्ग तपासले आणि ०.०५ ही मर्यादा ठेवली, तर काहीही घडलेले नसताना सुमारे २५० वर्ग लक्षणीय दिसतील. म्हणून अशा खोट्या शोधांचे प्रमाण आवरणाऱ्या, बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांच्या १९९५ च्या पद्धतीने सुधारलेले मूल्यच वाचावे. तुमच्या १४३ वर्गांचे मूल्य सुधारलेले आहे की मूळचे, हे आधी पाहा.

वाढलेली आणि घटलेली जनुके मात्र एकत्र करू नयेत. मुळांनी संरक्षणाची कामे वाढवली आणि वाढीची कामे आवरती घेतली असतील, तर एकत्र यादीत दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळतात आणि मग कोणताच अर्थ लागत नाही.

उत्तर २ : पेशीभित्ती

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. वनस्पतींवर काम करणारी म्हणून काही मुद्दे जोडते.

पार्किन्सन रोगाच्या मार्गाने घाबरून जाऊ नका. केगमध्ये समान कार्याच्या जनुकांना सर्व सजीवांसाठी एकच सामाईक क्रमांक दिलेला असतो. तंतुकणिकेतील श्वसनसाखळीच्या पहिल्या संकुलाचे घटक माणसाच्या पार्किन्सनच्या नकाशात दाखवलेले आहेत आणि तीच साखळी हरभऱ्याच्या मुळातही चालते. सजीव न निवडता नुसत्या क्रमांकांवरून शोध घेतला की असे नकाशे हमखास येतात. केगमध्ये हरभऱ्याची नोंद स्वतंत्र आहे, ती निवडावी.

ॲराबिडॉप्सिसच्या क्रमांकांबाबत अधिक सावध राहायला हवे. हरभऱ्यातील चार-पाच जनुकांना ॲराबिडॉप्सिसमध्ये एकच जवळचे जनुक मिळणे नेहमीचे आहे, त्यामुळे ६८७ पैकी प्रत्यक्षात किती वेगळे क्रमांक उरले ते मोजा. पार्श्वभूमीची यादीही अगदी याच रूपांतरातून गेली पाहिजे. ज्यांना जवळचे जनुक मिळालेच नाही ती मुठीतूनही वगळा आणि पोत्यातूनही वगळा. थेट हरभऱ्याचीच कार्यनोंद वापरली, तर उलट अडचण उभी राहते. कायटिनेझसारखी (बुरशीच्या भित्तीतील कायटिन तोडणाऱ्या विकराची) संरक्षणाची जनुके गुणसूत्रावर पुष्कळदा शेजारीशेजारी, एकाच मूळ जनुकाच्या प्रतींसारखी असतात आणि एकत्रच वाढतात. कसोटी त्यांना पाच स्वतंत्र साक्षीदार समजते, पण साक्ष खरे तर एकाचीच असते.

व्यापक वर्ग वर का येतात, याचे कारण जीन ऑन्टॉलॉजीच्या रचनेत आहे. एखाद्या जनुकाची नोंद 'कायटिनचे विघटन' या वर्गात झाली, की ते आपोआप त्याच्या वरच्या सर्व वर्गांतही मोजले जाते. म्हणून १४३ वर्ग म्हणजे १४३ शोध नव्हेत. ज्या वर्गांत जवळपास तीच जनुके आहेत त्यांचा एक गट करून त्यातील सर्वांत नेमका वर्ग ठेवावा. वनस्पतींतील बहुतेक नोंदी केवळ क्रमसाम्यावरून संगणकाने केलेल्या असतात, प्रयोगाने सिद्ध झालेल्या थोड्याच असतात, हेही प्रबंधात स्पष्ट लिहावे असे मला मनापासून वाटते.

आरएनए-सिक्वेन्सिंगमध्ये लांब जनुकांवर जास्त रीड्स (वाचलेले आरएनएचे तुकडे) पडतात, त्यामुळे त्यांतील फरक लक्षणीय ठरण्याची शक्यता मुळातच जास्त असते. हा कल विचारात घेणारी गोसेक ही पद्धत २०१० मध्ये प्रसिद्ध झाली आहे. ती करून पाहावी.

प्रतिसाद : मुळाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. या आठवड्यात सगळे पुन्हा केले. ज्या जनुकांची अभिव्यक्ती किमान तीन नमुन्यांत मोजता आली, तीच पार्श्वभूमीला घेतली, रूपांतर दोन्ही याद्यांवर सारखेच केले आणि वाढलेली व घटलेली जनुके वेगळी ठेवली. पहिला तक्ता मी न सुधारलेल्या पी-मूल्यावरच वाचत होते, हेही लक्षात आले. आता वाढलेल्या यादीत ३१ आणि घटलेल्या यादीत ७ वर्ग उरले आहेत. 'उद्दीपनाला प्रतिसाद' गेला. 'कायटिनचे विघटन' आणि फेनिलप्रोपॅनॉइड (वनस्पतीतील लिग्निन व संरक्षक संयुगे ज्यातून बनतात त्या गटाचे) चयापचय राहिले.

कायटिनच्या वर्गातील जनुके हरभऱ्याच्या मूळ क्रमांकांवरून एकेक उघडून पाहिली. सहा जनुके आहेत, त्यांपैकी चार एकाच गुणसूत्रावर एकमेकांना लागून. म्हणजे साक्षीदार सहा नसून तीनच. फेनिलप्रोपॅनॉइडची जनुके मात्र वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत, त्यामुळे मला तो निष्कर्ष अधिक भक्कम वाटतो. एक शंका राहते : ४१२ ही संख्या मी निवडलेल्या मर्यादेवर अवलंबून आहे. जीएसईए ही एन्रिचमेंटची दुसरी पद्धत वापरली तर हा प्रश्न सुटेल का?

उत्तर ३ : संख्याशास्त्र शिकवणारा

मर्यादेचा प्रश्न सुटेल, कारण २००५ मध्ये मांडलेली ती पद्धत यादी कापत नाही, सर्व जनुके क्रमाने लावून एखादा वर्ग वरच्या किंवा खालच्या टोकाला गोळा झाला आहे का, हे पाहते. परंतु तुमचे नमुने तीन विरुद्ध तीन आहेत. नमुन्यांवरील नावे अदलून-बदलून वाटण्याच्या एकूण रीती अवघ्या २० होतात, त्यामुळे त्या मार्गाने ०.०५ पेक्षा लहान पी-मूल्य मिळूच शकत नाही. जनुकांची अदलाबदल करणारा पर्याय घ्यावा लागेल. मात्र तो एकत्र वाढणाऱ्या जनुकांना स्वतंत्र समजतो, म्हणजे कायटिनेझच्या त्या चार शेजाऱ्यांची अडचण तेथेही राहील, हे ध्यानात ठेवा.

फेनिलप्रोपॅनॉइड मार्गातील दोन-तीन जनुके क्यूपीसीआरने (एकेका जनुकाची अभिव्यक्ती मोजणाऱ्या चाचणीने) नव्या रोपांवर तपासून घ्या. प्रबंधासोबत पार्श्वभूमीच्या जनुकांची पूर्ण यादी आणि कार्यनोंद कोणत्या तारखेला उतरवली तेही जोडा. जीन ऑन्टॉलॉजी सतत बदलत असते, त्यामुळे तारखेशिवाय तुमचे ३१ वर्ग पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणालाच काय, तुम्हालाही जसेच्या तसे मिळणार नाहीत.