गुडघ्यासाठी अ‍ॅक्युप्रेशर करतेय, नडगीवर निळे डाग पडलेत. चालू ठेवू का?

तिसरा मजला
नमस्कार मंडळी. वय ६४, वजन ७१ किलो, उंची पाच फूट एक इंच, म्हणजे पुढचं बोलायलाच नको. उजव्या गुडघ्याचा एक्स-रे काढला. गादी झिजलीय, ग्रेड ३. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची घाई नाही, व्यायाम करा. व्यायामाचा कागद फ्रिजवर चिकटवला, तो अजून तिथेच आहे.

आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही. चढताना एवढं नाही, पण उतरताना कठडा धरून खेकड्यासारखी आडवी उतरते. गेल्या गौरींना पहिल्यांदाच खुर्चीत बसून सवाष्णींना हळदीकुंकू लावलं. ते फार लागलं मनाला.

बागेत एक अ‍ॅक्युप्रेशरवाले बसतात. त्यांनी बिंदू दाखवला: वाटीच्या खाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक बोट. महिनाभर रोज दाबतेय. दाबल्यावर तासभर हलकं वाटतं, मनाचे खेळ असतील तर असोत. आता ते म्हणतात लाकडी जिम्मीने (बिंदू दाबायची छोटी दांडी) जोरात दाबा, दुखलं म्हणजे लागू पडतंय. शिवाय काट्यांच्या चपला आणि दहा बैठका मिळून साडेचार हजार. नडगीवर दोन-तीन निळे डाग आलेत, तेही नॉर्मल म्हणे. काय करू?

भाकरवाडी
चपला घेऊ नका, ताई. आमच्याकडे आहेत. वडिलांना मधुमेह, तळव्याला जाणीव कमी. काट्याने फोड आला ते त्यांना कळलंच नाही, तीन आठवडे ड्रेसिंग चाललं. सध्या त्या चपला गॅलरीत कुंडीखाली आहेत, पाण्याचा निचरा छान होतो.

बाकी तुमचा बिंदू चिनी वैद्यकातला प्रसिद्ध 'झूसानली'. ली हे अंतराचं माप. तिथे दाबलं की दमलेला माणूस आणखी तीन ली चालतो, अशी गोष्ट सांगतात. तुम्हाला तीन मजले पुरे.

फिजिओ सातारकर
निळे डाग वाचून थबकले. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे का तुम्हाला?

तिसरा मजला
अहो, आहे की! दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला. तेव्हापासून रात्री जेवणानंतर क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिनची एकत्र गोळी. बागेतल्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. गुडघ्याचं आणि हृदयाचं नातं असतं हे कोणाच्या डोक्यात येणार?

फिजिओ सातारकर
मग जिम्मी आजच बंद. गोळी मात्र मनाने बंद करू नका, स्टेंटसाठी ती हवीच. डाग डॉक्टरांना दाखवा. आणि दुखतंय म्हणून केमिस्टकडून पेनकिलर आणून खाऊ नका, या गोळीसोबत पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली तर तिथे दाबणं-चोळणं अजिबात नको, त्याच दिवशी दवाखाना.

आता अ‍ॅक्युप्रेशरचं. २०२४ साली हाँगकाँगमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. गुडघेदुखीच्या ३१४ लोकांपैकी एका गटाला स्वतः बिंदू दाबायला शिकवलं, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दुखणं दुसऱ्या गटापेक्षा कमी झालं, पण दहापैकी साधारण अर्ध्या गुणाने. मिशिगनच्या २०१८ च्या अभ्यासात तर खोटे बिंदू दाबणाऱ्यांनाही जवळपास तेवढाच आराम पडला.

उपरोधिक
थोडक्यात प्लॅसिबो. साडेचार हजार वाचले, पेढे द्या.

फिजिओ सातारकर
पेढे नकोत, ७१ किलो आहेत त्या. :) एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो.

आराम खोटा आहे असं मी म्हणणार नाही. ताई, तुमच्या डॉक्टरांची ना नसेल तर अंगठ्याने हलकं दाबा, डाग पडेल इतकं नको. पण तो जो हलका तास मिळतो तो सोफ्यावर घालवू नका, त्यातच फ्रिजवरचा कागद उरका. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून खाली दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. मग हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याचं ओझं तो वाटून घेतो. काठी घेतलीत तर डाव्या हातात, दुखऱ्या पायाच्या उलट बाजूला. बहुतेक जण नेमकी चुकीच्या हातात धरतात.

तिसरा मजला
पाच आठवड्यांनी येतेय. हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं. हलका अंगठा चालेल म्हणाले, जिम्मी म्हणजे काय ते त्यांना काढून दाखवावं लागलं. डाग गेले. खुर्चीतून उठणं पहिल्या दिवशी चारदा जमलं, काल अकरा. वजन फक्त दीड किलो उतरलं, मध्ये भाचीचं लग्न होतं. जिना अजून आडवाच उतरते, पण मधल्या मजल्यावर थांबावं लागत नाही.

काठी डाव्या हातात घेतली, तर भाजीची पिशवी धरायची कुठे? उजवा हात कठड्याला लागतो. सध्या नातवाची जुनी शाळेची सॅक पाठीला लावून मंडईत जाते, लोक बघतात.

भाकरवाडी, त्या कुंडीत काय लावलंय?

भाकरवाडी
गवती चहा. जोमात आहे.