मदत हवी आहे: शेतातल्या सुट्या झाडांची दीडशे वर्षांची मोजणी जुळवायची कशी?

नमस्कार मंडळी,

इंग्लंडच्या सखल शेतीप्रदेशात जमिनीचा वापर बदलत गेला तशी शेतातली झाडं कशी बदलली, हे जुन्या नकाशांवरून तपासते आहे. जंगलं सोडून दिली आहेत. फक्त जिवंत कुंपणांतली आणि कुरणात एकटी उभी असलेली झाडं घेतली आहेत.

जुनं साहित्य झकास आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या 25 इंची (एका मैलाला सुमारे 25 इंच) नकाशांच्या पहिल्या आवृत्तीत (19 व्या शतकाचा उत्तरार्ध) कुंपणातलं एकेक झाड चिन्हानं दाखवलेलं आहे. पुढे सर्वेक्षकांनी ही हौस सोडली, त्यामुळे नंतरच्या आवृत्तीत झाड दिसलं नाही म्हणजे ते पडलंच, असं म्हणता येत नाही. मग थेट 1946 च्या सुमाराची हवाई दलाची छायाचित्रं, त्यानंतर लँडसॅट उपग्रहांची चित्रं. लँडसॅटचा एक चौकोन 30 मीटरचा, म्हणजे 900 चौ.मी. बारा मीटर घेराची नव्हे, बारा मीटर व्यासाची फांद्यांची छत्री घेतली तरी ती जेमतेम 113 चौ.मी. भरते. आजूबाजूच्या गव्हात झाड विरघळून जातं.

तेवढं निभावून नेईन. खरी अडचण वेगळी आहे. युद्धानंतर धान्यासाठी शेतं मोठी करताना कुंपणं उपटली गेली, आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून डच एल्म रोगानं (भुंगेऱ्यांमार्फत पसरणारा बुरशीचा रोग) कोट्यवधी एल्म वृक्ष मारले. दोन्ही एकाच काळात! नाहीसं झालेलं झाड नांगराच्या खात्यात टाकायचं की रोगाच्या? नकाशावर झाडाची जात लिहिलेली नसते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद 1

झाड मोजण्याआधी कुंपणाची रेघ मोजा. 1946 च्या छायाचित्रात आणि आजच्याही छायाचित्रात रेघ शाबूत, पण छत्री गायब, तर तो एक गट: रोग, तोड किंवा म्हातारपण. रेघच नाही, तर तो जमीनवापराचा गट. सगळं एकाच टक्केवारीत कोंबू नका.

पहिल्या गटात एक मेख आहे. इंग्लिश एल्म मुळांतून फुटवे काढतो. मोठं खोड गेल्यावरही कुंपणात त्याची झुडपं दाटतात, जरा जाड झाली की भुंगेरे पुन्हा येतात. तेव्हा वरून हिरवं दिसतंय म्हणून झाड धरू नका, उंची बघा. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेचा (एन्व्हायरन्मेंट एजन्सी) 1 मीटरचा लायडार डेटा, म्हणजे विमानातून लेसरनं मोजलेली उंची, फुकट मिळतो.

धागाकर्ती

आभार! रेघेचं डोक्यातच आलं नव्हतं. उपप्रश्न: रेघ शाबूत, ओकही उभे, पण सगळे जुने. मधल्या वयाचं एकही नाही. हे कुठल्या गटात?

प्रतिसाद 2

तिसऱ्या, वेगळ्याच गटात. ट्रॅक्टरला जोडलेलं कुंपण छाटायचं यंत्र वरून सपाट फिरतं, त्यात ओकचं रोपटंही बोटभर जाडीचं असतानाच कापलं जातं. पूर्वी विळ्या-कोयत्यानं काम करणारा माणूस एखादं सरळ रोप बघून सोडून द्यायचा. आजचे ओक म्हणजे त्या जुन्या पद्धतीची शिल्लक. त्यामुळे 2020 ची झाडं 2020 च्या पिकांशी ताडून बघू नका. काही हाती लागणार नाही. झाडं आधीच्या नकाशाशी जुळवा, पिकं नंतर.

धागाकर्ती

लायडारमध्ये 3 ते 8 मीटर उंचीचा वेगळा वर्ग काढून बघते. जोमानं वाढलेलं, न छाटलेलं कुंपणही त्यात येईल ना? ते वेगळं कसं काढता तुम्ही?