न्यू जर्सीत एडिसन गावी दारात चेरी ब्लॉसम लावायचंय, कोणती जात घ्यावी?

मृणाल_एनजे: मंडळी, घरासमोरचा जुना मेपल वादळात पडला. बुंधा मशीनने दळून घेतलाय, जागा रिकामी आहे. नेवार्कचं ब्रँच ब्रूक पार्क पाहिल्यापासून लेकीने चेरीचा धोशा लावलाय. भिंतीपासून १० फूट अंतर, दुपारपर्यंत ऊन. माती लाल, चिकट. पाऊस पडला की दुसऱ्या दिवशीही डबकं. नर्सरीवाला म्हणतो, डोळे मिटून क्वांझान न्या. नेऊ का?

बागुलबुवा: डोळे उघडे ठेवूनच जा. क्वांझान फुलतो तेव्हा वेड लावतो, मान्य. पण तो २५-३० फूट पसरतो, तुमच्या १० फुटांत फांद्या खिडकीत शिरतील. शिवाय आयुष्य बेताचं, बहुतेक झाडं १५-२५ वर्षांत थकतात. तुमच्या जागेत ओकामे बरा. २० फुटांच्या आसपास राहतो आणि फुलतोही लवकर. जागा अगदीच अरुंद असेल तर अमानोगावा, अशोकासारखा सरळसोट वाढतो.

पण खरी अडचण जातीची नाही, डबक्याची आहे. चेरीला मुळाशी पाणी साचलेलं अजिबात खपत नाही. फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा. आता तासाला इंचभरही पाणी उतरत नसेल तर आठ-दहा इंच उंच, ऐसपैस ओटा करून त्यावर लावा. मेपलच्या जागीच खड्डा नको. दळलेला भुसा कुजताना नत्र खातो आणि जमीन खचते. चार-पाच फूट बाजूला सरका.

पोटोमॅककाठी: आमच्याकडे वॉशिंग्टन डीसीत टायडल बेसिन तलावाकाठी बहुतेक योशिनो जातीच्या चेरी आहेत, पण ती ३०-४० फुटांची झाडं, तुमच्याकडे नकोच. जाता जाता: टोकियोहून १९१० मध्ये आलेली पहिली २,००० झाडं किडी-रोगांमुळे जाळावी लागली होती. १९१२ मध्ये ३,०२० नवी आली. म्हणून नर्सरीत फुलं नंतर, खोड आधी बघा. सालीवर डिंक, चिरा, कलमाच्या जोडाला गाठ असेल तर सवलतीतही घेऊ नका.

मृणाल_एनजे: डिंक दिसला की झाड गेलंच का?

बागुलबुवा: नाही हो. वर फांदीवर थोडा स्वच्छ डिंक हा ताणाचा परिणाम असू शकतो. जमिनीलगत डिंक आणि त्यात भुशासारखा चुरा दिसला की समजा, खोडकिडा आत शिरलाय. गवत कापायच्या दोरीच्या मशीनने साल सोलली गेली की त्याला आयतं दार मिळतं. म्हणून बुंध्याभोवती तीन फूट गवतच ठेवू नका. मल्च (लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन) दोन-तीन इंच, खोडाला न टेकवता. इथले लॉनवाले खोडाभोवती मल्चचा डोंगर रचतात, तो पाहिला की माझं डोकं फिरतं. लावताना बुंधा जिथे रुंद होतो तो भाग मातीच्या वर दिसलाच पाहिजे.

छाटणी फुलं सरल्यावर, कोरड्या दिवशी. कलमाच्या जोडाखालून फुटवे आले तर लगेच काढा, ते खालच्या खुंटाचे असतात.

सुमेधा_कोथरूड: पुण्यात येईल का हो हे झाड? फोटो बघून जीव टाकतेय.

पोटोमॅककाठी: सुमेधाताई, याला हिवाळ्यात बरेच आठवडे कडक थंडी लागते, पुण्याची गुलाबी थंडी पुरत नाही. तबेबुया रोझिया लावा. विक्रोळीला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर उन्हाळ्याच्या तोंडाशी गुलाबी होते ती. देशातच चेरी बघायची असेल तर नोव्हेंबरात शिलाँग गाठा, तिथे हिमालयातला पद्मकाष्ठ फुलतो.

मृणाल_एनजे: खड्डा भरून पाहिला. तासाभरात अर्धा इंचही उतरलं नाही! म्हणजे ओटाच. ओकामे ठरला. लेक क्वांझानसाठी रुसलीये, तिला परत ब्रँच ब्रूकला नेते.

बागुलबुवा: उत्तम. मार्चअखेरीस लावा, पहिली दोन वर्षं पाऊस नसेल त्या आठवड्यात इंचभर पाणी. हरणं येत असतील तर शरदात खोडाला जाळी गुंडाळा, नर शिंगं घासून साल काढतात. आणि कुदळ मारण्याआधी ८११ ला फोन करा, फुकट आहे. गॅसची लाइन कुठून गेलीय ते खुणा करून देतात.