कॉलेजातून आलेला स्ट्रायकर आणि वोंडोलोव्स्की

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल खेळून आलेला स्ट्रायकर पुढे फारसा टिकत नाही, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. अमेरिकन स्ट्रायकर ख्रिस वोंडोलोव्स्कीचंच बघा. तो चिको स्टेटचा, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनच्या कॉलेजातला. 2005 च्या सप्लिमेंटल ड्राफ्टमध्ये (एमएलएस या अमेरिकन लीगचे क्लब ज्यातून कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या पूरक निवडीत) सॅन होजे क्लबने त्याला घेतलं तेव्हा नंबर होता एक्केचाळिसावा! क्लब ह्यूस्टनला गेला, तिथे बरीच वर्षं बाकावरच गेली.

2009 मध्ये तो सॅन होजेच्या पुन्हा उभ्या राहिलेल्या संघात परतला आणि पुढच्याच वर्षी 18 गोल करून लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट. 2012 मध्ये 27 गोल, रॉय लॅसिटरच्या 1996 च्या एका हंगामातल्या गोलांच्या विक्रमाशी बरोबरी. वेग बेताचाच, पण डिफेंडरच्या मागून निसटून बॉल पडणार तिथे हा आधीच हजर.

2014 च्या वर्ल्ड कपमध्ये बेल्जियमविरुद्ध 0-0 असताना भरपाई वेळेत त्याने गोलसमोरून बॉल बारच्या वरून बाहेर मारला. लोक अजून तेवढंच धरून बसतात, हे मला फार खुपतं. मे 2019 मध्ये त्याने शिकागोविरुद्ध एकाच सामन्यात चार गोल ठोकून लँडन डोनोव्हनचा एमएलएसमधल्या एकूण 145 गोलांचा विक्रम मोडला. 2021 मध्ये निवृत्त झाला तेव्हा खात्यावर 171 गोल होते.