बारशाला मऊ खुळखुळा द्यावा का?

मृणाल, ठाणे
पुढच्या आठवड्यात भाचीच्या बाळाचं बारसं आहे. घरच्यांचं ठरलंय, पोटात खुळखुळा असलेला मऊ कापडी ससा न्यायचा. माझा याला साफ विरोध आहे. बारा दिवसांच्या बाळाच्या तळव्यावर बोट ठेवलं की मूठ आवळते, पण ती प्रतिक्षिप्त क्रिया. वस्तू मुद्दाम धरायला तीन-चार महिने जातात. तोवर हा ससा पाळण्यात बाळाच्या तोंडाशी पडून असतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सचा सल्ला आहे की पहिलं वर्षभर झोपायच्या जागी उशी नको, मऊ खेळणीही नकोत. नाकावर काही आलं तर एवढ्याशा जिवाला ते बाजूला सारता येत नाही. बाळंतविड्यात दुपटी द्या, सुती झबली द्या.

शिल्पा, पुणे
मृणालताई, बाळ धरत नाही म्हणून खेळणं बिनकामाचं, हे मला मान्य नाही. वाजवायचं आईबाबांनी! नवजात बाळाला 20 ते 30 सेंटीमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं. तेवढ्या अंतरावर हळूच वाजवा, हातपाय झाडणारं बाळ एकदम थांबतं आणि कान देतं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा असेल तर त्याच्याकडे टक लावून बघतं. पुढे स्वतः हलवायला लागलं की हमखास स्वतःच्याच कपाळावर आपटून घेतं. तेव्हा प्लास्टिकपेक्षा कापड बरं की नाही?

सुहास, कुडाळ
आमच्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खुळखुळा मिळतो, तो द्या. पुसला की स्वच्छ. आणि पाळण्यावर टांगायला चिमणाळं आहेच की. बाळाला रंग दिसतात, हाताला काही लागत नाही.

शिल्पा, पुणे
सुहासदादा, लाकूड कपाळाला लागत नाही का?

वैशाली, रत्नागिरी
कपाळापेक्षा धुण्याचं बघा. दात यायच्या सुमारास खेळण्याचा कान सतत तोंडात, लाळेने चिंब. आमच्याकडे आषाढात दुपटी वाळता वाळत नाहीत, तिथे कापूस भरलेलं खेळणं कसं वाळणार? वरून हाताला कोरडं लागतं, शिवणीपाशी दाबलं की आत ओल, मग कुबट वास. त्यात खुळखुळ्याची डबी असते, पिळताही येत नाही. घ्यायचंच तर चपटं, कमी कापसाचं घ्या. डोळे भरतकामाचे हवेत, बटणाचे नकोत, गळ्यात रिबीन नको. आणि आयएसआय खूण बघा. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट आहे, तेव्हा सुहासदादांच्या खुळखुळ्यावर खूण नसेलही. तिथे रंग कोणता वापरलाय ते कारागिरालाच विचारा.

मृणाल, ठाणे
वाजवून दाखवायला माझी हरकत नाहीच, शिल्पा. हरकत पाळण्याला आहे. बारशाला फोटोसाठी सगळी खेळणी बाळाभोवतीच रचतात आणि मग ती तिथेच राहतात.

शिल्पा, पुणे
मग देताना आईच्या हातात द्यायचं आणि स्पष्ट सांगायचं, झोपताना हे पाळण्यात नको. एवढ्यासाठी चांगली वस्तू का टाळायची?

मृणाल, ठाणे
बाळंतीण रात्रभर जागी, पाळण्याशी आळीपाळीने वेगवेगळी माणसं. तुझं सांगणं त्यातल्या कितीजणांपर्यंत पोचणार? मी दुपटीच नेणार.